अकरा घरं कुठल्या जिल्ह्यात

माझी मावशी सव्वीस वर्षं एका भोकातून बोलते आहे. जिल्हा कार्यालयात शिरलं की डाव्या हाताची पहिली काच तिची. काचेवर 'चौकशी' असं लिहिलेलं, काचेला बशीएवढं गोल भोक, आणि भोकापलीकडे मावशी. आवाज त्यातून नीट बाहेर पडावा म्हणून ती हनुवटी जराशी पुढे काढते आणि एकेक शब्द सुटा करून ठेवते, बाजारात लिंबं मांडावीत तसा. "मजला दुसरा. खोली सतरा. फोटो दोन. सही निळ्या पेनाने." समोरचा माणूस घाबरलेला असो, बहिरा असो, नाहीतर भांडायलाच आलेला असो, त्याला ते ऐकू जातंच.

ही नक्कल मी तिसरीत असल्यापासून करते. आईसमोर केली की आई म्हणते, "मोठ्यांची थट्टा करू नये." मावशीसमोर केली की मावशी म्हणते, "'निळ्या' जरा घाईने म्हणालीस. पुन्हा कर."

या आवाजाचा दुसरा उपयोग घरी होतो. आजोबा, म्हणजे आईचे आणि मावशीचे वडील, नगरपालिकेत गटारांचे मुकादम होते. आयुष्यभर लोखंडी झाकणांच्या दणदणाटात कान गेले, आणि सात वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून कंबर गेली. तेव्हापासून ते मावशीच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीशी कॉटवर असतात. त्यांना आई ऐकू येत नाही, डॉक्टर ऐकू येत नाहीत, माझे बाबा तर कान चांगले होते तेव्हाही ऐकू येत नव्हते. ऐकू येते फक्त मावशी. त्यांना कुशीवर वळवायचं कसं, गोळी कशात लपवायची, पेपरातली कुठली बातमी मोठ्याने वाचायची नाही, हे तिलाच माहीत. आमच्याकडे त्यांना आणावं तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मावशीने लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "ती चौकशी दुसऱ्या खिडकीवर."

आईची कामाची पाळी संध्याकाळी सातला संपते, म्हणून शाळा सुटली की मी मावशीच्या मागच्या स्टुलावर जाऊन बसते. देश केवढा मोठा आहे ते मला भूगोलाच्या पुस्तकातून कधी कळलं नाही. ते तिच्या लोखंडी कपाटातून कळलं. सगळ्यात वरचा खण प्रांतांचा. त्याखाली विभाग. एका प्रांतात पाच-सहा विभाग. त्याखाली जिल्हे, मग तालुके, मग मंडळं, आणि तळाशी, जिथे वाकताना मावशीचा गुडघा कट्कन वाजतो, तिथे गावं आणि शहरातले वॉर्ड. जन्माचा दाखला हवा तर तालुका, मावशी पिवळी चिठ्ठी देते. दुकानाचा परवाना हवा तर जिल्हा, गुलाबी चिठ्ठी. दोन जिल्ह्यांचं एकमेकांशी पटत नसेल तर विभाग, हिरवी.

"म्हणजे एक माणूस एका वेळी सहा ठिकाणी राहतो?" मी एकदा विचारलं.

"सात. देश धरला नाहीस."

"देशाचा खण कुठाय?"

तिने कपाटाच्या डोक्यावर ठेवलेला पत्र्याचा डबा दाखवला. आत शिक्क्याची शाई होती.

तिचा एकच नियम आहे. अंदाजाने सांगायचं नाही. अंदाजाने सांगितलेली खोली म्हणजे कुणातरी म्हातारीचे फुकट चढलेले दोन जिने, असं तिचं म्हणणं. माहीत असेल तर सांगायचं. माहीत नसेल तर हनुवटी पुढे, आणि, "माहिती उपलब्ध नाही. नंतर विचारावे." हे वाक्य ती असं म्हणते की ऐकणाऱ्याला राग येत नाही. उलट आपल्याला काहीतरी मिळालं असं वाटतं. लोक चक्क आभार मानून जातात. माझ्या सगळ्या नकलांमध्ये हे वाक्य एक नंबर होतं.

तर, आमचा जिल्हा फार लांबरुंद आहे असं वरच्या कुणाच्यातरी लक्षात आलं. एका टोकाच्या माणसाला सहीसाठी दुसऱ्या टोकाला यायचं तर दोन दिवस जात. म्हणून जिल्ह्याचे दोन केले. जुना जिल्हा आणि नवा जिल्हा. त्यांना भारदस्त नावंही दिली, पण ती फक्त पाट्यांनी लक्षात ठेवली. हद्द काढताना एक ओळ आमच्या शहराच्या पूर्वेच्या कडेवरून गेली. छापील अधिसूचनेत होतं, 'तेथून हद्द जुन्या नाल्याने दक्षिणेस जाईल.' नाल्याच्या अलीकडचे जुन्या जिल्ह्यात, पलीकडचे नव्या.

पाठोपाठ परिपत्रक आलं. ज्या कर्मचाऱ्यांची घरं नव्या जिल्ह्यात जातात, त्यांनी नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयात रुजू व्हायचं. तीस दिवसांत रहिवासाचा दाखला आणायचा. ते मुख्यालय इथून बसने साडेचार तास. म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं आणि महिन्यातून एकदा यायचं.

मावशीने परिपत्रक वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. मला म्हणाली, "आपली गल्ली कुठे गेली ते बघायला हवं." जसं काही मांजर कुठे गेलं ते बघायचं आहे.

आता गंमत बघा. जिने सव्वीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याला रस्ता दाखवला, ती निघाली स्वतःचा जिल्हा विचारायला. आणि रीतसर निघाली. स्वतःलाच पिवळी चिठ्ठी लिहून दिली आणि तालुका कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली.

तिथल्या कारकुनाच्या प्रत्येक वाक्याला दोन्ही बाजूंनी 'काय आहे ना' असतं. "काय आहे ना ताई, तुमची गल्ली आमच्या यादीत होती. आता यादी नवीन आलीय, काय आहे ना. तिच्यात तुमच्या आधीची गल्ली आहे, नंतरचीही आहे, काय आहे ना."

"आणि आमची?"

"काय आहे ना," असं म्हणून तो थांबला. पुढे काहीच नव्हतं.

मग गुलाबी चिठ्ठी. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब तिला ओळखतात, त्यांनी चहा मागवला. "हे पाहा, तांत्रिकदृष्ट्या तुम्ही आमच्याच. पण तांत्रिकदृष्ट्या मी तसं लिहून दिलं, आणि उद्या तांत्रिकदृष्ट्या तुम्ही त्यांच्या निघालात, तर मी कुठे जायचं?" मावशी म्हणाली, "साडेचार तास लांब." साहेबांना ते कळलं नाही. मी जिन्यात येईपर्यंत हसू दाबलं.

मग मोजणी खातं. तिथले मोजणीदार माणसाशी बोलत नाहीत, नकाशाशी बोलतात. त्यांनी शीट क्रमांक बेचाळीस टेबलावर पसरली आणि तिलाच म्हणाले, "घडी." खरंच, कापडी पाठीचा तो जुना नकाशा वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेला, आणि घडीवर कागद झिजून गेलेला. नाल्याची निळी रेघ वरून झोकात येत होती, घडीत शिरत होती, आणि खालून बाहेर पडत होती. मावशीच्या गल्लीतली अकरा घरं घडीत होती. चाळीस वर्षांपूर्वी तो नाला बुजवला, म्हणजे वरून स्लॅब टाकून झाकला, त्यामुळे जागेवर जाऊनही दिसायचं काही नाही. "घरांच्या पुढून गेला असेल तर तुम्ही नव्यात," ते शीटला म्हणाले, "मागून गेला असेल तर जुन्यात. विभागाला लिहा."

हिरवी चिठ्ठी. विभागाला पत्र गेलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं: 'हद्दीविषयी शंका असल्यास संबंधितांनी स्थानिक चौकशी खिडकीशी संपर्क साधावा.'

मावशीने पत्र दोनदा वाचलं. मग, देवाशपथ सांगते, ती काचेच्या बाहेर गेली आणि स्वतःच्या खिडकीच्या रांगेत उभी राहिली. आत त्या दिवशी तिच्या हाताखालची मुलगी होती. तिला ऑफिसात सगळे 'कार्बन' म्हणतात, कारण ती बोलते मावशीसारखी, लिहिते मावशीसारखी, डबासुद्धा मावशी उघडते तेव्हाच उघडते. मावशीच्या पुढे चार माणसं होती. पाचवा नंबर लागला.

"नाला आमच्या घरांच्या पुढून जातो की मागून?" मावशीने भोकातून विचारलं.

कार्बनने हनुवटी पुढे काढली. "माहिती उपलब्ध नाही. नंतर विचारावे." आणि लगेच जीभ चावली. "अय्या, मॅडम! सॉरी. पण मॅडम, हा प्रश्न मी कुठेतरी वाचलाय. आपल्याच वहीत."

खिडकीवर आलेला प्रत्येक प्रश्न मावशी वहीत लिहिते, फोनवरचासुद्धा. कार्बनने पानं उलटली आणि वही काचेला आतून टेकवून धरली. मी बाहेर मावशीशेजारी उभी होते. दोघींनी एकदमच वाचलं. नऊ महिन्यांपूर्वीची तारीख. 'दुपारी ३.१०. मोजणी खात्याचा फोन. शीट ४२, तुकडा १४. नाला घरांच्या पुढून की मागून? उत्तर: माहिती उपलब्ध नाही. नंतर विचारावे.' अक्षर मावशीचं.

तुकडा चौदा म्हणजे आपलीच गल्ली, हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. आणि तो नाला ज्या मुकादमाने उभं राहून झाकून घेतला, तो तिच्या घरात खिडकीशी कॉटवर आडवा होता.

मोजणीदारांना गाठलं तर ते शीटला म्हणाले, "नंतर विचारणारच होतो. छपाई आधी झाली." मग खणातून एक फॉर्म काढला. दुरुस्तीचा. 'नाला घरांच्या पुढून / मागून जातो. (नको ते खोडावे.)' खाली माहिती देणाऱ्याची सही. "उत्तर तुमच्या वहीतलं, म्हणजे दुरुस्तीही तुमचीच. सोमवारपर्यंत."

म्हणजे एवढा मोठा देश, प्रांत, विभाग, जिल्हे, आणि त्यातली एक हद्द कुठून जायची ते आता माझ्या मावशीने एक शब्द खोडून ठरवायचं. मला वाटलं, सुटलो! 'पुढून' खोडलं की झालं. मावशी मात्र बसस्टॉपवर फॉर्मकडे बघत नुसती उभी होती. आमची बस आली आणि गेली.

शनिवारी आजोबांना कुशीवर वळवून झाल्यावर तिने विचारलं. खिडकीच्या आवाजात, सुटं सुटं. "बाबा. तुम्ही झाकलेला नाला. आपल्या घराच्या. पुढून. की मागून?"

आजोबांना साधं 'चहा हवा का' हे तीनदा सांगावं लागतं. पण हा प्रश्न संपायच्या आत ते म्हणाले, "मागून."

"नक्की?"

"मी मुकादम का तू?"

"तुम्हाला बदलीचं कुणी सांगितलं?"

"काय?" आजोबांनी कानाला हात लावला.

"बदलीचं!"

"हळद? संपली असेल तर आण."

मी तोंडात ओढणी कोंबली. मावशी हसली नाही. आईने सांगितलं असणार हे उघड होतं. आईला वाटतं की ते आपलं ऐकत नाहीत.

मला मावशीचं खरंच कळेना. हवं ते उत्तर मिळालं होतं, तेही प्रत्यक्ष मुकादमाच्या तोंडून. पण तिच्या लेखी ही ऐकीव माहिती होती. रविवारी सकाळी दहा वाजता तिने गल्लीच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांना पहार घेऊन बोलावलं. गल्लीला दोन झाकणं आहेत. एक मागच्या बोळात, एक मावशीच्या दारासमोर.

आधी मागचं. काकांनी पहार घातली, "जय हो" म्हणाले, झाकण सरकलं. आत कोरडी माती, एक फुटकी कुंडी आणि कुणाचीतरी हरवलेली चप्पल.

"बंद झाला असेल," मी म्हटलं.

"अंदाजाने बोलू नकोस," मावशी म्हणाली.

मग पुढचं. ते निघता निघेना. शेवटी मी आणि मावशी पहारेवर लोंबकळलो तेव्हा ते किंचित उचललं गेलं, आणि आवाज आला. बघायची गरजच नव्हती. खाली धो धो पाणी चाललं होतं.

काका वाकून बघत म्हणाले, "अहो ताई, इथे कुणीतरी पाय दिलाय बघा." झाकणाच्या चौकटीचं सिमेंट, वर्षानुवर्षं डांबराखाली लपलेलं, आता पहारेने उघडं पडलं होतं. त्यात एक छोटा पाय उमटला होता. आठ वर्षांच्या मुलीचा असावा एवढा. अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. मावशीचा वळतो तसा.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "ओल्या सिमेंटमध्ये पाय दिला म्हणून बाबांनी पाठीत धपाटा घातला होता," ती म्हणाली. "धपाटा आठवतो. जागा आठवत नव्हती."

म्हणजे माहिती उपलब्ध होती. नऊ महिन्यांपूर्वी, तीन वाजून दहा मिनिटांनी, काचेच्या आतच बसली होती, आणि आत बसलेलीला ठाऊक नव्हतं. हे मी मनात म्हटलं. माझंच डोकं गरगरलं.

"मग ताई," काकांनी पहार खांद्यावर टाकली, "मी आता कुठल्या जिल्ह्यात?"

"उद्या खिडकीवर या," मावशी म्हणाली.

आजोबा खिडकीतून सगळं बघत होते. आम्ही आत आलो तर डोळे मिटून पडले.

"बाबा, पाणी पुढे आहे."

"काय?"

मावशीने पुन्हा सांगितलं. हनुवटी पुढे, सुटं सुटं. आजोबांनी एक डोळा उघडला.

"मग बदलला असेल त्याने रस्ता."

"स्लॅबखालचा नाला रस्ता बदलत नाही. तुम्हीच सांगायचात."

"सांगायचो. तेव्हा मला चालता येत होतं." मग ते म्हणाले, "तू गेलीस की मला कुणी काही सांगितलेलं कळणार नाही. एवढंच. बाकी तुझं ऑफिस तू बघ."

मावशी स्वयंपाकघरात गेली, टेबल पुसलं, फॉर्म ठेवला, निळं पेन घेतलं. मी दारात उभी. ती खरं लिहिणार हे मला माहीत होतं. बाईने आयुष्यात कधी बसचा नंबरसुद्धा अंदाजाने सांगितलेला नाही. 'मागून' या शब्दावर तिने पेन नेलं. खोडायला. तिथेच धरून ठेवलं. मग 'पुढून'वर नेलं. तिथेही धरून ठेवलं. पुढच्या खोलीत आजोबा खोकले. मग पेन दोन्ही शब्दांच्या खाली गेलं, मोकळ्या जागेत, आणि तिने तिच्या त्या गोल, सुट्या अक्षरात लिहिलं: 'माहिती उपलब्ध नाही. नंतर विचारावे.' आणि सही केली.

"अगं, पण..." मी म्हटलं.

"चहा टाक," मावशी म्हणाली.

त्याला आता पाच महिने झाले. फॉर्म वर गेला, मोजणीकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून विभागाकडे, आणि विभागाने त्यावर 'अनिर्णित' असा शिक्का मारून खाली पाठवला. गल्ली अनिर्णित, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून बदली नाही. कार्बन मात्र गेली. तिचं घर सरळसरळ नव्या जिल्ह्यात निघालं. तिकडच्या खिडकीवर ती हनुवटी पुढे काढून बसते म्हणे.

मावशीच्या गल्लीची मात्र त्रेधातिरपीट आहे. इस्त्रीवाल्या काकांनी इस्त्रीच्या गाडीच्या परवान्याचा अर्ज जुन्या जिल्ह्यात दिला, तो नव्याकडे गेला, नव्याने परत केला. "ताई, मी आहे तरी कुठे?" असं त्यांनी खिडकीत येऊन विचारलं, आणि ते खरंच घाबरलेले होते. मावशीने पिवळी, गुलाबी, हिरवी, तिन्ही गठ्ठ्यांकडे बघितलं आणि शेवटी कोऱ्या कागदावर लिहून दिलं: 'सदर गल्लीचे काम दोहोंपैकी कोणत्याही जिल्ह्याने करावे.' खाली सही. असा काही नियम नाही. असा अधिकार तर मुळीच नाही. पण दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी चिठ्ठी बघितली, "तांत्रिकदृष्ट्या हिची चिठ्ठी चुकत नाही" म्हणाले आणि परवाना दिला. तेव्हापासून अकरा घरांचं प्रत्येक काम मावशीच्या पांढऱ्या चिठ्ठीवर होतं. जेवणाच्या सुट्टीत ती चिठ्ठ्या लिहीत बसते. डबा तसाच परत येतो.

तिने बरोबर केलं की चूक, ते मला ठरवता येत नाही. आजोबांकडे बघितलं की बरोबर वाटतं. काका परवान्याला हात जोडतात ते बघितलं की काहीतरी अवघडल्यासारखं होतं, कारण पाणी कुठून वाहतं ते त्यांनीही ऐकलं होतं. ते कुणाला बोलले नाहीत. मावशीचे कपडे मात्र आता जास्त कडक इस्त्रीचे येतात, आणि ती पैसे द्यायला गेली की ते म्हणतात, "राहू द्या हो." ती ते मोजून गाडीवर ठेवून येते.

रोज सकाळी मावशी ऑफिसला निघाली की आजोबा विचारतात, "आलं का कुणी विचारायला?"

"नाही."

"नंतर येतील," आजोबा म्हणतात आणि पेपर उघडतात.

परवा पाहुणे आले होते. आई म्हणाली, "ती मावशीची नक्कल कर ना, ती खिडकीची." मी हनुवटी पुढे काढली. मजला दुसरा, खोली सतरा, फोटो दोन, सगळं जमलं, पाहुणे खो खो हसले. मग ते वाक्य आलं. "माहिती उपलब्ध..." आणि मी अडकले. हल्ली मावशी 'उपलब्ध' आणि 'नाही'च्या मध्ये जराशी थांबते. फार नाही, पापणी लवेल एवढंच. मला तेवढं थांबता येत नाही. एकदा कमी होतं, एकदा जास्त.

मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. चूक सांगेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ते नको करूस."